सेल्फ लेव्हलिंग: ओतण्याआधीचे दोन दिवस

डिप्लोमा करून साइटवर आलो तेव्हा 'सेल्फ लेव्हलिंग' (जमीन सपाट करायला ओततात तो सिमेंटचा पातळ माल) या नावावर माझी भाबडी श्रद्धा होती. माल ओतायचा, तो आपोआप सपाट होणार, वर विनाइलचं फ्लोअरिंग चिकटवायचं! पुण्यातल्या एका ऑफिसच्या पहिल्याच खोलीत सकाळी जमीनभर मोहरीएवढी भोकं दिसली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, कोबा तहानलेला होता. पाणी प्यायला आणि हवा वर सोडली." प्रायमर, म्हणजे ओतण्याआधी कोब्याला लावायचा द्रव, मीच घाईत वगळला होता.

तेव्हापासून आधी कोब्यावर चमचाभर पाणी टाकून बघतो. लगेच मुरलं तर डब्यावर लिहिलंय तसा पातळ प्रायमर, तो वाळल्यावर दुसरा हात. पाणी मोत्यासारखं उभं राहिलं तर तेल, रंग नाहीतर वरची गुळगुळीत साय असते. तिथे ग्राइंडर लागतो. पीओपीचे थेंब खरवडून काढा. हातोडीने ठोकून पोकळ वाजेल तो भाग फोडा. आणि झाडूवर भागवू नका, व्हॅक्यूम मारा. नाहीतर प्रायमर धुळीला चिकटतो, कोब्याला नाही.

पावसाळ्यात प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर काम थांबवा. मालक ओरडला तरी.

मालाचा हिशेब सोपा आहे: एका चौरस मीटरला 1 मिमी जाडीसाठी साधारण 1.6 ते 1.7 किलो. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या खोलीत 3 मिमीला 25 किलोच्या दोन बॅगा. पण खड्डे आधी वेगळे भरा, नाहीतर हा हिशेब कोलमडतो.

पाणी बॅगेवर दिलंय तेवढंच, मापाने. बिगारी 'जरा सैल करू' म्हणेल, ऐकू नका. जास्त पाण्याने वरचा थर खडूसारखा भुकटी होतो. पंखे बंद, खिडक्या बंद. यावरून एप्रिलमध्ये भांडणं होतात. कालवल्यावर हाती जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणून पहिली बॅग ओतताना दुसरी कालवत असायला हवी. हवेचे बुडबुडे काढायला काटेरी रोलर लगेच फिरवा. माल धरायला लागल्यावर फिरवलात तर काट्यांच्या खुणा तशाच राहतात.

वायरिंगच्या पाइपची तोंडंही बुजवा. आम्ही एकदा विसरलो. खोली का भरेना म्हणून जादाची बॅग फोडत होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर आला. त्याच्या खांद्यावर आमचा माल होता.