जुनी दातेरी कात्री, कंगोऱ्याचं हातयंत्र: या चुका टाळा

मावशीची दातेरी कात्री, म्हणजे कापडाचा काठ कंगोरेदार कापणारी कात्री, माझ्यामुळे बाद झाली. कापड नीट कापेना म्हणून दारावर आलेल्या धारवाल्याला दिली. त्याने साध्या कात्रीसारखीच ती चाकावर घासली आणि दोन्ही पात्यांचे दाते एकमेकांत बसेनासे झाले. अशी कात्री नेहमीच्या धारवाल्याला देऊ नका.

मुळात कापत नाही म्हणजे धार गेली, असं नसतं. आधी सांधा बघा. तिथे जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, पाती चार-पाच वेळा उघडझाप करा, पुसा. खोबरेल नको, नाशिकच्या थंडीत ते गोठतं. मलमल दात्यांत अडकत असेल तर कांजी करून इस्त्री फिरवा. पुढचा घाव घालताना आधीच्या शेवटच्या खाचेत दाते बसवा, नाहीतर नक्षी तुटते. आणि या कात्रीने कागद कापू नका.

टेबलाला आवळून बसवायच्या हातयंत्रात हँडल फिरवलं की नक्षीचं चाक रुळावर दाबून कापड कापतं. इथली मोठी चूक म्हणजे काठ तुटत नाही म्हणून दाबाचा स्क्रू आवळत जाणं. त्याने चाकाची धार बोथट होते आणि रुळावर चर पडतात. त्याआधी न कापलेल्या जागा मोजा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तेवढ्याच अंतरावर काप चुकत असेल तर त्या दात्याला खोक पडली आहे. कुठेही चुकत असेल तर दाब कमी आहे किंवा यंत्र टेबलावर हलतंय. काठाची एकच बाजू सुटत असेल तर चाक आणि रूळ समांतर नाहीत. दाब पोपलीनच्या एका पदरावर जुळवा, तेही पाव-पाव फेऱ्याने. कापड मागून ओढू नका, फक्त सरळ धरा. ओढलं की कंगोरे लांबट होतात.

अमेरिकेत लुईझ ऑस्टिन यांना दातेरी कात्रीचं पेटंट १८९३ साली मिळालं. त्याआधी असे काठ पाडायला नक्षीचा ठसा कापडावर ठेवून ठोकत. असा ठसा हाती लागला तर फरशीवर ठोकू नका, एका घावात धार दुमडते. खाली लाकडाचा आडवा कापलेला ओंडका घ्या आणि हातोडा लाकडीच वापरा.

गंज दिसला की सँडपेपर घेऊ नका. रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर आत घाम धरतो. तेलाचा हात फिरवलेल्या सुती फडक्यात गुंडाळा.

दातेरी काठाने दशा कमी सुटतात, थांबत नाहीत. सैल विणीची खादी किंवा येवल्याच्या पैठणीचा तुकडा असेल तर पिकोच करा.

नाशिकला बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात अशी वस्तू दिसली तर पिशवीतून पोपलीनची पट्टी काढा आणि तिथेच कापून बघा. हातयंत्र असेल तर हँडल पूर्ण फेरा न अडता फिरलं पाहिजे.