पलटण कानाने कशी ओळखावी: हायडनपासून सुरुवात

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचं म्हटलं की जाणकार मंडळी नवख्याच्या हाती पियानोची एखादी हळवी, चांदणं पडल्यासारखी रचना ठेवतात. नवखा पाच मिनिटांत पेंगतो आणि 'आपल्याला काही कळत नाही बुवा' म्हणून कायमचा लांब जातो. माझा सल्ला उलटा आहे: सुरुवात सैन्यापासून करा. बिगूल, संचलन, झांजा, ढोल हे आवाज आपल्या कानाला आधीपासून ओळखीचे आहेत. युरोपातल्या संगीतकारांनी ते छावणीतून उचलून थेट दिवाणखान्यात आणले. ते कुठे आणि कशासाठी घुसवलेत, एवढं हेरता आलं तरी अर्धी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, समजली म्हणा.

बरे इअरफोन घ्या. मोबाइलच्या स्पीकरवर मोठा ड्रम ऐकूच येत नाही, आणि तो ऐकू आला नाही तर इथे काही उरत नाही. घरात दहा पावलं चालता येईल एवढी जागा मोकळी करा. हार्मोनियम असेल तर जवळ ठेवा.

१. ऐकत ऐकत चाला

योझेफ हायडन या अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराची १०० क्रमांकाची सिंफनी शोधा. 'मिलिटरी सिंफनी' म्हटलं तरी सापडेल. पूर्ण रचना साधारण पंचवीस मिनिटांची आणि चार भागांची आहे. आज फक्त दुसरा भाग लावा.

लावल्यावर बसू नका, चाला. शाळेच्या कवायतीतलं 'एक-दो-एक' आठवत असेलच. डावा, उजवा, डावा, उजवा. पावलं आपोआप तालात पडतील, कारण चाल सरळ दोनाच्या वजनाची आहे. सुरुवातीला मात्र सैन्याचा मागमूस नसतो. बासरी, व्हायोलिनं, मग ओबो, क्लॅरिनेट, खर्जातलं 'बसून' अशी फुंकायची वाद्यं एक साधी, गोंडस चाल आळीपाळीने वाजवतात. ही चाल हायडनने काही वर्षांपूर्वी नेपल्सच्या राजासाठी लिहिली होती. त्या राजाला हाताने फिरवायचं एक विचित्र वाद्य वाजवायचा नाद होता, त्याच्यासाठीच्या कॉन्चेर्टोतली (एखाद्या वाद्याला पुढे ठेवून लिहिलेल्या रचनेतली) ही चाल. म्हणजे मुळात निव्वळ करमणुकीची गोष्ट. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दीड-दोन मिनिटांनी तुमचं पाऊल दचकेल. थांबा तिथेच.

२. तीन वाद्यं वेगळी काढा

तो दणका तीन वाद्यांचा: मोठा ड्रम, झांजा आणि ट्रँगल. त्या काळी व्हिएन्नात या त्रिकुटाला 'तुर्की संगीत' म्हणत. ऑटोमन सुलतानाच्या जानिसारी पलटणींबरोबर मेहतर नावाचा वाद्यताफा असे. १६८३ साली तुर्की फौजा व्हिएन्नाच्या तटापर्यंत येऊन ठेपल्या होत्या, तेव्हा तो आवाज शहराच्या उरात धडकी भरवणारा होता. शंभर वर्षांत धोका सरला आणि धडकीची फॅशन झाली. युरोपातल्या राजांनी आपापल्या पलटणींत तुर्की ढंगाचे ताफे ठेवले, मोझार्टने पियानोवर 'तुर्की' चालीचा रोंडो (एकच चाल फिरून फिरून येणारी रचना) लिहिला, आणि पुढे तर पायाने दाबला की ड्रम आणि घंटी वाजेल अशा पेडलचे पियानोही निघाले.

मराठी माणसाला हा आवाज ओळखायला वेगळं शिक्षण नको. तुर्की ढोल, म्हणजे दावूल, एका बाजूने जाड टिपऱ्याने आणि दुसऱ्या बाजूने बारीक काडीने वाजवत: जड ठोका इकडे, किरकोळ ठोके तिकडे. आपल्या पथकातल्या ढोलाचं टिपरू आणि दुसऱ्या बाजूची हाताची थाप डोळ्यांसमोर आणा. झांजा त्याच. ट्रँगल मात्र आपल्याकडे मिरवणुकीत नसतो. तिकडे तो त्या घणघणाटावर लोखंडी किणकिण शिंपडतो.

दुसऱ्यांदा ऐकताना त्या दणक्याच्या क्षणी स्वरांचं काय होतं तेही पकडा. सा जागचा हलत नाही, पण शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो. तीच गोंडस चाल, तोच षड्ज, फक्त गंधार उतरला आणि मागे ड्रम आला. करमणुकीचं चित्र एकदम काळवंडतं. पुढे चाल पुन्हा शुद्ध गंधारात परतते, पण ते त्रिकूट आता तिला एकटं सोडत नाही.

३. बिगुलाचे चार स्वर पाठ करा

हार्मोनियमवर मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम वाजवा. प्, सा, ग, प. कोणत्याही क्रमाने, ठसक्यात. लगेच छावणी दिसायला लागते ना?

कारण भौतिकाचं आहे. बिगुलाला आणि जुन्या ट्रम्पेटला दाबायच्या कळा नव्हत्या. फुंकणारा ओठ कमी-जास्त ताणून नळीतून जे नैसर्गिक स्वर निघतील तेवढेच काढी, आणि सोयीच्या पट्टीत ते हेच निघतात. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, बिगुलातला गंधार तोच. म्हणून जगभरातले इशारे एकमेकांसारखे वाटतात. शहीद जवानाला मानवंदना देताना बिगुलावर वाजणारा 'लास्ट पोस्ट' टीव्हीवर ऐकला असेल, त्याचा कारभारही याच स्वरांवर चालतो.

ट्रम्पेटची जोडीदारीण टिम्पनी, तांब्याच्या हंड्यांवर कातडं ताणलेली. घोडदळात ही जोडी घोड्याच्या दोन बाजूंना बांधत. मध्ययुगीन युरोपात असल्या जोडनगाऱ्यांना जे नाव होतं ते अरबी 'नक्कारा'वरूनच गेलेलं, जिथून आपला नगारा आला. हायडनच्या काळात टिम्पनीचे दोन हंडे बहुधा सा आणि प ला लावलेले असत. तेव्हा जुन्या सिंफनीत ट्रम्पेट आणि टिम्पनी जोडीने आली की घोडदळ आलं असं बेलाशक समजावं.

४. कर्णा वाजला की श्वास रोखा

आता तिसऱ्यांदा, आणि या वेळी डोळे मिटून. शेवटाकडे चाल संपल्यासारखी होते. सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि एकटा ट्रम्पेट इशारा देतो. ही हायडनने रचलेली सुरावट नसून ऑस्ट्रियाच्या सैन्यातला खराखुरा इशारा आहे, असं मानलं जातं. त्याच्या पाठोपाठ टिम्पनी पंचमावर घुमायला लागते, आधी दबकी, मग वाढत वाढत. कान म्हणतो, आता षड्जावर येणार. प वरून सा वर, हजारदा ऐकलेली वाट.

तो येत नाही. अख्खा वाद्यवृंद कोमल धैवतावर कोसळतो.

मला या दोन सेकंदांसाठी ही सिंफनी आवडते. बाकीचं हसतखेळत आहे, सुबक आहे. इथे मात्र पायाखालची फळी निघते. ३१ मार्च १७९४ ला लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरमधल्या सभागृहात हे पहिल्यांदा वाजलं (त्या दिवशी हायडनचा बासष्टावा वाढदिवस होता), तेव्हा ब्रिटनचं फ्रान्सशी युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. श्रोत्यांतल्या कित्येकांच्या घरचं कोणी ना कोणी तिकडे असणार. तिथल्या एका वर्तमानपत्रात आलेल्या समीक्षेत या भागात चाल करून जाणारी माणसं, शस्त्रांचा खणखणाट आणि जखमींचं कण्हणं ऐकू आल्याचं लिहिलंय. राजाच्या करमणुकीची चाल आठवली? तीच ही.

मग उरलेले तीन भाग सलग ऐका. शेवटच्या भागात समाप्तीजवळ ते त्रिकूट पुन्हा हजर होतं, पण तिथे भीती नाही, जत्रा आहे. प्रत्यक्ष मैफलीत ऐकायची संधी आली, मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मोसमात किंवा आणखी कुठे, तर वाद्यवृंदाची मागची रांग दिसेल अशी जागा घ्या. झांजवाला पहिला अख्खा भाग हाताची घडी घालून बसलेला असतो. तो उठून उभा राहिला की ओळखा.

५. तोफांना भुलू नका

हायडन पचला की बाकीची मोठी नावं भराभर घेता येतात. इथे एक सावधगिरी सांगतो: जिथे आवाज जास्त तिथे युद्ध जास्त, असं समजू नका.

बीथोवनने १८१३ साली ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने स्पेनमधल्या व्हितोरियात फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयावर एक रचना केली. दोन बाजूंना दोन सैन्यं, प्रत्येकाचे वेगळे ड्रम, वेगळे ट्रम्पेट, वेगळी गाणी, आणि बंदुका-तोफांच्या जागा स्वरलिपीत खुणांनी दाखवलेल्या. व्हिएन्नात ती त्याच्या सातव्या सिंफनीबरोबरच पहिल्यांदा वाजली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. इअरफोनवर डावी-उजवी बाजू ऐकायला मजा येते. पण दुसऱ्यांदा लावावीशी वाटत नाही, निदान मला. त्याऐवजी नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात तेच तुर्की त्रिकूट कसं चोरपावलांनी येतं ते ऐका: आधी लांबून 'बसून' या वाद्याचे आणि ड्रमचे नुसते हुंकार, मग चाल, मग एकटा पुरुष गायक. मानवजातीच्या बंधुत्वाचं स्तोत्र पलटणीच्या तालावर! आजही काही लोकांना ते खटकतं.

चायकोव्हस्कीचं '१८१२' सगळ्यांना माहीत असतं. नेपोलियनच्या रशियातल्या फजितीवरची ही रचना १८८० मध्ये लिहिलेली. स्वरलिपीत तोफेचे १६ बार आहेत, ५ लढाईच्या ऐन भरात आणि ११ शेवटच्या जल्लोषात. मी पहिल्यांदा ऐकताना सुरुवातीची प्रार्थना नीट ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला, आणि तोफांच्या वेळी खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून आले. तेव्हा आवाज आधीच बेताचा ठेवा. ती सुरुवातच खरी ऐकण्यासारखी आहे: चार चेलो आणि दोन व्हायोला (व्हायोलिनची थोरली भावंडं), चर्चमधलं स्तोत्र, बाकी सगळे गप्प. पुढे 'मार्सेयेज' हे फ्रेंच राष्ट्रगीत तुकड्या-तुकड्यांनी घुसतं, आणि प्रत्येक वेळी ते किती वर चढतं नि कुठे तुटतं यावरून लढाईचा रंग कळतो. स्वतः चायकोव्हस्कीचं या रचनेबद्दल फार बरं मत नव्हतं.

६. ज्यावर चालता येत नाही असं संचलन

पुन्हा उभे राहा. गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधला 'मार्स' लावा आणि डावा-उजवा सुरू करा. चार-पाच आवर्तनांत पाय अडखळतील. दोष तुमचा नाही, मात्रा पाच आहेत. पहिल्या आवर्तनात सम डाव्या पायावर पडते, दुसऱ्यात उजव्या, तिसऱ्यात परत डाव्या. झपतालाचं अर्धं आवर्तन घेऊन कवायत करायला गेल्यासारखं. सुरुवातीला व्हायोलिनवाले गजाच्या केसांऐवजी काठीने तारांवर आपटतात, त्याची कोरडी टकटक ऐका. हे माणसांचं सैन्य वाटतच नाही, यंत्र वाटतं. १९१४ साली लिहिलेलं आहे.

याच्या अगदी उलट शोस्ताकोविचची सातवी सिंफनी. पहिल्या भागाच्या मध्यावर ताशासारखा छोटा ड्रम ऐकू येईल न येईल इतका हळू सुरू होतो. त्यावर एक चाल, जवळजवळ बावळट, शीळ घालण्याजोगी. ती परत येते, परत येते, दहा-बारा मिनिटं, दर वेळी वाद्यं वाढवून. ड्रमचा ठेका तसूभर बदलत नाही. इथे मात्र कोणतीही युक्ती वापरू नका, नुसते बसा आणि कंटाळ्याचं भीतीत रूपांतर कसं होतं ते होऊ द्या. लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडलेला असताना, ९ ऑगस्ट १९४२ ला, त्याच शहरात ही सिंफनी वाजली. उपासमारीने फारसे वादक उरले नव्हते. वाद्यवृंदाचा कंडक्टर कार्ल एलियासबर्ग याला आघाडीवरच्या सैनिकांतून वाजवणारे मागवावे लागले. मैफलीचा आवाज लाउडस्पीकरवरून वेढा घालणाऱ्या फौजांपर्यंत पोहोचवला गेला.

७. शेवटी टाळ्या वाजवा

एवढ्या जड गोष्टीनंतर थोरल्या योहान श्ट्राउसचं 'राडेट्झ्की मार्च' ऐका. ऑस्ट्रियाच्या फील्डमार्शल राडेट्झ्कीने इटलीत कुस्तोझाची लढाई जिंकली, तिच्या आनंदात १८४८ मध्ये लिहिलेलं. आता दर १ जानेवारीला व्हिएन्ना फिलहार्मोनिकची मैफल याच्यावर संपते आणि सगळं सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं. झुबिन मेहता या मैफलीला पाचदा उभे राहिलेत. त्यांचं एखादं चित्रण शोधा, कारण इथे कंडक्टर वाद्यवृंदाकडे पाठ करून श्रोत्यांना वाजवतो. तो हात खाली करेल तेव्हा टाळी हलकी किंवा बंद, वर उचलेल तेव्हा मोकळी. ही रचना लढाई जिंकल्याची आहे हे त्या टाळ्यांत कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

आणि ही चाल आधी कुठेतरी ऐकलीय असं वाटत असेल तर हायडनकडे परत जा. त्याच १०० नंबरच्या सिंफनीचा पहिला भाग लावा, संथ प्रस्तावना जाऊ द्या, बासरी आणि ओबोची खेळण्यातल्या शिपायांसारखी पहिली चाल जाऊ द्या, आणि व्हायोलिनं दुसरी चाल धरतील तेव्हा कान टवकारा.