स्फोट विझला की दीर्घिका दिसते

डिचोलीला आमच्या घरून पावसाळ्यात आकाश दिसतच नाही. बीएस्सी करताना वाटायचं, इथे राहून खगोलशास्त्र करायचं तरी कसं? करता येतं. गॅमा किरण स्फोट, म्हणजे क्षणभरात प्रचंड गॅमा किरण फेकणारे दूरचे स्फोट, ज्या दीर्घिकांमध्ये होतात, त्यांचा बराचसा अभ्यास सर्वांना खुल्या असलेल्या जुन्या नोंदींवर चालतो. स्फोटामागे उरलेला उजेड विझायला आठवडे-महिने लागतात आणि तोवर यजमान दीर्घिका (ज्या दीर्घिकेत स्फोट झाला ती) नीट मोजता येत नाही. त्यामुळे या कामात उशिरा येणाऱ्याचं काही बिघडत नाही.

सुरुवात २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटापासून करा. बेप्पोसॅक्स उपग्रहाने जागा नेमकी दाखवली, मागे उरलेला दृश्य प्रकाश पहिल्यांदाच सापडला आणि तिथे अंधूक दीर्घिका निघाली. ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाच्या लांबीत झालेली वाढ, जिच्यावरून अंतर काढतात, ०.६९५.

सरांनी तिचंच गणित मला नाव झाकून दिलं होतं. वर्णपटात ६३१.७ नॅनोमीटरवर टोकदार रेषा. मी ती मुळात ऑक्सिजनची ५००.७ ची, ताणली जाऊन तिथे आलेली धरली आणि ताम्रसृती ०.२६ लिहून मोकळा झालो. सर एवढंच म्हणाले, "हिची जोडीदार कुठंय रे?" त्या रेषेसोबत ४९५.९ ची, तिच्या एक तृतीयांश जोराची रेषा असतेच. ती ६२५.६ ला हवी होती, पण तिथे काही नव्हतं. खरी जोडी पुढे ८४१ आणि ८४९ ला होती. म्हणजे माझी रेषा मुळात ऑक्सिजनचीच, पण ३७२.७ ची, आणि ताम्रसृती ०.६९५. तेव्हापासून एका रेषेवर मी अंतर सांगत नाही.

दोन सेकंदांहून लांबलेले स्फोट बहुधा लहान, वेड्यावाकड्या, तारे जोमाने घडवणाऱ्या दीर्घिकांत होतात. तेही त्यांच्या सर्वांत तेजस्वी भागात, हे हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून २००६ मध्ये दाखवलं गेलं. या दीर्घिकांत जड मूलद्रव्यं सहसा कमी असतात. लांब स्फोट मरणाऱ्या महाकाय ताऱ्यातून होतो. अशा ठिकाणी त्या ताऱ्याचे वारे, म्हणजे त्यातून बाहेर वाहणारा वायू, कमी जोराचे, म्हणून त्याचं स्वतःभोवती फिरणं टिकतं. स्फोटाला ते फिरणं लागतं, असं मानतात. कमी वेळ टिकणाऱ्या स्फोटांचं वेगळं. १७ ऑगस्ट २०१७ चा स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनातला, एनजीसी ४९९३ या जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकेतला. असे तारे जन्मस्थळापासून दूर भटकतात, त्यामुळे सर्वांत जवळ दिसणारी दीर्घिकाच यजमान, असं धरू नका.

आणि हे काम परदेशातच होतं असं नाही. १९९८ च्या एका स्फोटाची दीर्घिका सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. स्फोटाच्या यजमान दीर्घिकेतला हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटरच्या रेडिओ रेषेत पहिल्यांदा मोजला तो तिथलाच, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने. निकाल २०१५ चा.

गोव्यातल्या मुलांनी पणजीच्या सार्वजनिक वेधशाळेत जावं. एमएस्सीला गोवा विद्यापीठ आहेच. सुट्टीतल्या प्रकल्पांसाठी पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पीएचडीला जेस्ट ही प्रवेश परीक्षा द्या. पायथन लागेलच, पण पहिला वर्णपट कागदावर छापून घ्या आणि पट्टी लावून प्रत्येक रेषेची जोडीदार शोधा.