अनोळखी एक्स्टेन्शनची फाइल उघडत नाही? या चुका टाळा

नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं म्हणजे एक्स्टेन्शन. फाइल कोणत्या ॲपकडे द्यायची हे विंडोज त्यावरूनच ठरवतं, आत काय आहे ते बघत नाही. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

नाव बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही. आयफोनच्या एचईआयसी फोटोपुढे जेपीजी लिहिलं तरी आतला डेटा तोच राहतो. फोटो एचईआयसी वाचणाऱ्या ॲपमध्ये उघडून जेपीजी म्हणून सेव्ह किंवा एक्स्पोर्ट करावा लागतो. जेएफआयएफ मात्र मुळातच जेपीजी असते, तिथे नाव बदललं की काम होतं.

‘अमुक फाइल ओपनर’ असं शोधून मिळेल ते डाउनलोड करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोणतीही फाइल उघडून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका. काहीही डाउनलोड करण्याआधी फाइलची एक कॉपी करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. बराचसा कचरा दिसेल, पण पहिली दोन-चार अक्षरं नीट बघा. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ‘पीडीएफ’ असेल तर ती पीडीएफ. एका विचित्र चिन्हानंतर ‘पीएनजी’ असेल तर चित्र. इंग्रजी ‘पीके’ म्हणजे झिप, अनेक फायलींचं दाबून बांधलेलं गाठोडं. पण वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, ईपब पुस्तकं आणि अँड्रॉइडची एपीके हीसुद्धा आतून झिपच असतात, त्यामुळे सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या ॲपमध्ये उघडून आतले फोल्डर बघा. ‘वर्ड’ नावाचा फोल्डर दिसला तर ती डॉक्स. सुरुवातीला ‘एमझेड’ दिसलं तर तो विंडोजचा प्रोग्रॅम आहे. कागदपत्र म्हणून आलेल्या फाइलमध्ये हे सापडलं तर सरळ डिलीट करा.

नोटपॅड बंद करताना सेव्ह करू नका. मजकूर नसलेल्या फाइलचे बाइट त्यात बदलतात आणि फाइल कायमची बिघडते. कॉपी करायची ती याचसाठी. फाइल शेकडो एमबीची असेल तर नोटपॅड अडकून बसेल. मॅक आणि लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘फाइल’ ही कमांड आणि पुढे फाइलचं नाव दिलं की प्रकार लगेच कळतो.

विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवून ठेवतं. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. हे आजच करून टाका.

घाईत चुकीचं ॲप कायमचं निवडलं गेलं असेल तर राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’. बरोबर ॲप निवडून ‘ऑलवेज’.

काही फायलींसाठी ॲप शोधण्यात अर्थच नसतो. ‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ म्हणजे डाउनलोड अर्धवट राहिलंय, पुन्हा करा. ००१, ००२ असे तुकडे असतील तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिला सेव्हन-झिपने उघडा. एक जरी नसला तरी पूर्ण फाइल मिळत नाही. ईमेलमधून आलेली ‘विनमेल.डॅट’ ही आउटलुकची करामत: पाठवणाऱ्याला मेल रिच टेक्स्टऐवजी एचटीएमएलमध्ये पुन्हा पाठवायला सांगा. बाकी डॅट आणि बिन ही नावं कोणतंही सॉफ्टवेअर कशालाही देतं, तेव्हा फाइल कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली एवढंच विचारून घ्या.