हवामानबदलावरचा सामूहिक शोधनिबंध मुदतीत कसा पाठवावा

आठ-दहा सहलेखकांचा निबंध रखडतो तो बहुतेक वेळा लिहायचा राहिला म्हणून नाही, ठरवायचं राहिलं म्हणून. आधारकाळ (ज्या वर्षांशी तुलना करायची तो काळ) कोणता, हवामानाची मॉडेलं किती, शेवटचा शब्द कुणाचा, हे मोकळं सोडून मसुदा लिहायला घेतला की शेवटच्या आठवड्यात सगळं एकदम अंगावर येतं. समन्वय तुमच्याकडे असेल तर तुमचं मुख्य काम प्रश्न वेळेत बंद करणं हेच आहे.

मुदत नेमकी कसली ते बघा

विशेषांकाची मुदत संपादकाच्या हातात असते. वेळेआधी विनंती केली तर ती अनेकदा वाढवून मिळते. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, तिची मुदत वेगळी. तिच्या सहाव्या अहवालाच्या पहिल्या कार्यगटाने (भौतिक विज्ञान पाहणाऱ्या) निबंध विचारात घ्यावा यासाठी तो ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत जर्नलकडे सादर झालेला आणि ३१ जानेवारी २०२१ पर्यंत स्वीकारलेला असणं गरजेचं होतं. त्यातली दुसरी तारीख कोविडमुळे पुढे ढकललेली होती, पण म्हणून प्रत्येक वेळी तसं होईल असं धरून चालू नका. वेळेचा पट्टाही तपासा. ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ लिहिलं असेल तर घड्याळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १२ तास मागे धरायचं.

आता मागे मोजत या. सहलेखकांपैकी कुणी नोआसारख्या (अमेरिकेची सागर आणि वातावरण संस्था) सरकारी संस्थेत असेल, तर निबंध बाहेर पाठवण्याआधी तिथे अंतर्गत तपासणी लागते. तिला किती दिवस लागतात हे पहिल्याच बैठकीत विचारा. तुमची खरी मुदत बऱ्याचदा तीच ठरते.

विज्ञानाचे निर्णय आधी गोठवा

इथे वेळ घालवा, कंजुषी करू नका. सगळ्यात जास्त गोंधळ आधारकाळ घालतो. एकाने आलेख १८५०–१९०० च्या तुलनेत काढला, दुसऱ्याने १९९५–२०१४ च्या तुलनेत, आणि दोन्ही एकाच पानावर आले. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे या दोन काळांत सुमारे ०.८५ अंश सेल्सिअसचा फरक आहे. म्हणजे दोन्ही आलेख आपापल्या जागी बरोबर असूनही निबंध चुकीचा दिसणार, आणि समीक्षकाच्या नजरेतून हे सुटत नाही.

दुसरा वाद मॉडेलांचा. सीएमआयपी६ या हवामान मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय तुलना-प्रकल्पात काही मॉडेलांचे मोजके रन (मॉडेल एकेकदा चालवून आलेले निकाल) मिळतात, काहींचे पन्नासपर्यंत. सगळे रन सरसकट मिसळायचे की प्रत्येक मॉडेलला एकच मत द्यायचं? कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर ५ अंशांहून जास्त तापमानवाढ दाखवणारी ‘गरम’ मॉडेलं ठेवायची का? दोन्ही बाजूंना जाणकार असतात, त्यामुळे ही चर्चा आपोआप कधीच संपत नाही. एक तासाची बैठक घ्या, निर्णय करा आणि तो पर्यायी बाजूसह पद्धतीच्या विभागात दोन वाक्यांत लिहून टाका. विरोध करणाऱ्याचं म्हणणं पुरवणीतल्या एका आलेखाने तपासता येतं. बहुतेकांचं तेवढ्यावर समाधान होतं.

मग विदा (डेटा) गोठवा: कुठली आवृत्ती, कधी उतरवली, सगळं एका फाइलीत. ईआरए५ या निरीक्षणं आणि मॉडेल जोडून बनवलेल्या हवामान-विदेचे अगदी अलीकडचे महिने प्राथमिक स्वरूपाचे असतात आणि नंतर बदलू शकतात, म्हणून मालिका कुठे थांबवायची तेही आत्ताच ठरवा. यानंतर कुणी ‘अजून एक वर्ष घालूया का’ म्हटलं तर उत्तर: पुढच्या निबंधात.

लेखकांचा क्रम

हा विषय अवघड वाटतो म्हणून सगळे टाळतात. मसुदा अर्धा होण्याआधी तो काढा. क्रेडिट नावाच्या पद्धतीत योगदानाच्या १४ भूमिका आहेत. ते कोष्टक प्रत्येकाला स्वतः भरायला सांगितलं की कुणाचं काम किती हे न भांडता दिसतं.

मसुदा एकाच्याच हातात

विभाग वाटून द्या, पण लेखणी एकाकडेच ठेवा. बाकीच्यांनी ट्रॅक चेंजेस किंवा शेऱ्यांतून सुचवायचं. ‘अंतिम_नवा_३’ अशा नावाची फाइल मेलवर फिरू लागली की समजा, कुणाच्या तरी दुरुस्त्या हरवणार. मेल मोघम नको. ‘सवडीने बघा’ला उत्तर येत नाही. असं लिहा:

‘विभाग ३ आणि आलेख ४ एवढंच पाहा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शेरे द्या. त्यानंतर या भागात फक्त चुका दुरुस्त होतील.’

शेरे आले नाहीत तर पुढे जा. पण अंतिम संमतीला हा नियम लावू नका. तिथे मौन म्हणजे होकार नव्हे. प्रत्येकाने ‘हा मसुदा वाचला, सादर करायला हरकत नाही’ असं लेखी कळवलं पाहिजे. सर्वांत ज्येष्ठ लेखक बहुधा प्रवासात असतात, त्यांना आधी गाठा.

दोन शेरे परस्परविरोधी आले तर दोघांना फोनवर घ्या. समासातल्या वादाला अंत नसतो.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात विज्ञानाला हात लावायचा नाही. निधीचे क्रमांक, ऑर्किड (संशोधकाचा ओळखक्रमांक), हितसंबंधांचं निवेदन, सुचवलेले समीक्षक ही माहिती गोळा करा. विदा आणि कोड झेनोडो या खुल्या संग्रहावर ठेवणार असाल तर डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) आधीच राखून ठेवता येतो, तो मसुद्यात घाला. इंद्रधनुषी रंगपट्टीचे नकाशे शिल्लक असतील तर बदला. रंगांधळ्या वाचकांना ते नीट कळत नाहीत आणि नसलेल्या सीमा दिसू लागतात.

वेळ कमीच पडला तर पुरवणीतला एखादा आलेख वगळा, आकड्यांची पडताळणी मात्र वगळू नका. सारांश, मजकूर आणि आलेख यांतला प्रत्येक आकडा लेखणीधारकाखेरीज दुसऱ्या कुणीतरी जुळवून पाहावा.

सादर करायला दोन दिवस आधीच बसा. पोर्टल स्वतःची पीडीएफ बनवतं, आणि त्यात समीकरणं तुटतात, आलेख पुसट होतात. ती पीडीएफ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचूनच बटण दाबा. नंतर सहलेखकांना जर्नलकडून पुष्टीचा मेल जातो, तो स्पॅममध्ये पडला नाही ना, एवढं विचारून घ्या.