इंग्रजी वाक्ये जोडताना ‘जरी–तरी’ची सवय कशी सोडावी

उभयान्वयी अव्ययांची पन्नास शब्दांची यादी पाठ करा, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. ज्यांची यादी पाठ असते, त्यांच्याच निबंधात प्रत्येक परिच्छेद ‘मोरओव्हर’ने सुरू होतो आणि पुढे भर अशी कशाचीच पडत नाही. शब्द शोधण्याआधी दोन्ही वाक्ये सुटी लिहावीत आणि त्यांच्यातले नाते भर, विरोध, कारण, परिणाम की अट, हे मराठीतच ठरवावे.

नाते साधे असेल, तर ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ यांपैकी एक शब्द मध्ये घालावा, दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्ये असल्यास त्याआधी स्वल्पविराम द्यावा आणि पुढे जावे.

खरी गाठ पडते ती गौण वाक्य जोडताना. मराठीत असे शब्द जोडीने येतात: जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत. जोडीतला दुसरा शब्द आला नाही, तर आपल्या कानाला वाक्य लंगडे वाटते, आणि ही सवय इंग्रजीतही आपल्या नकळत उतरते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अर्जात ‘ऑल्दो आय वॉज इल, बट आय केम टू ऑफिस’ असे लिहिले. साहेबांनी ‘बट’भोवती लाल गोल काढून अर्ज परत पाठवला, कारण मात्र सांगितले नाही, त्यामुळे पुढे बराच काळ मी ‘ऑल्दो’च्या वाटेलाच गेलो नाही.

कारण असे, की ‘ऑल्दो’ आपल्या वाक्याला गौण करून पुढे प्रधान वाक्य मागतो, तर ‘बट’ला दोन्ही बाजूंना बरोबरीची वाक्ये लागतात. एकच वाक्य एकाच वेळी गौण आणि बरोबरीचे असू शकत नाही. म्हणून दोहोंपैकी एक शब्द खोडावा. कोणता खोडला, याने व्याकरण बिघडत नाही. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांनाही हाच नियम लावावा. ‘इफ’पुढे ‘देन’ चालतो, पण बहुधा त्याची गरज नसते. जुन्या इंग्रजीत ‘दो’ आणि ‘येट’ ही जोडी भेटते. ती वाचावी, लिहू नये.

याच सवयीचे दुसरे रूप अधिक घातक आहे. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच असतो, तरीही आपण त्यात आणखी एक घालतो. ‘अनलेस यू डोन्ट पे द फी, यू विल नॉट गेट द हॉल तिकीट’ या सूचनेचा अर्थ, फी भरली तर हॉल तिकीट मिळणार नाही, असा होतो! तेथे ‘अनलेस यू पे’ एवढेच लिहावे. ‘जोपर्यंत तो येत नाही’ याचेही ‘अनटिल ही कम्स’ होते. त्यात ‘डझन्ट’ नको आणि ‘विल’ही नको.

‘हाउएव्हर’ हे उभयान्वयी अव्यय नव्हे, क्रियाविशेषण आहे. दोन पूर्ण वाक्यांमध्ये तो वापरताना त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम द्यावा; आधी नुसता स्वल्पविराम देणे ही चूक सुशिक्षितांच्या ई-मेलमध्येही सर्रास दिसते. ‘डिस्पाइट’पुढे नाम येते, ‘ऑफ’ येत नाही: ‘डिस्पाइट द रेन’. पूर्ण वाक्य जोडायचे असेल, तर पुन्हा ‘ऑल्दो’कडे वळावे: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’.

इतके सांगूनही बारावीची मुले ‘नो सूनर’ पुढे करून मला अडवतात, आणि ती बरोबर असतात, कारण येथे इंग्रजीच जोडी मागते. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट’ यातला ‘दॅन’ गाळता येत नाही. त्याच्या जागी ‘व्हेन’ही चालत नाही, तो ‘हार्डली’चा जोडीदार आहे.