बेवारस ८०८५ बोर्डाला वीज देण्याआधी

जुन्या बाजारातून वजनावर उचललेला बोर्ड. सहा आकड्यांचा डिस्प्ले, खडखडणाऱ्या कळा, बनवणाऱ्याचं नाव नाही, सर्किटचा कागद तर नाहीच. असा ८०८५ या जुन्या प्रोसेसरचा बोर्ड हाती आला की हात शिवशिवतात, पाच व्होल्ट लावून बघूच म्हणून. मी तेच केलं, म्हणून ही यादी.

मल्टिमीटर, भिंग, उजेड: सांगायला नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, प्रत्येक चिपची खाच दिसेल असे. निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर कापून टाका, तिचा रस कॉपरच्या पट्ट्या खातो.

आता ईप्रॉम, म्हणजे बोर्डाचा प्रोग्राम साठवणारी, वर खिडकी असलेली चिप. वीज देण्याआधी ईप्रॉम काढायची आणि वाचायची. आधी. चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून जरा जरा उचला, गंजलेले पाय तुटतात. नंबर बघायला खिडकीवरचा स्टिकर सोललात तर लगेच परत चिकटवा. थेट उन्हात आठवडाभर राहिली तर आतलं पुसलं जातं. प्रोग्रामरवर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) प्रकार नीट निवडा: २७१६ आणि २७३२ दोन्ही चोवीस पायांच्या, पण एकविसावा पाय एकीत व्हीपीपी (प्रोग्रामिंगचं व्होल्टेज), दुसरीत ए११ (पत्त्याची ओळ). दोनदा वाचा, फाइली जुळवा, उघडून बघा. सगळीकडे एफएफ दिसलं तर वाचलेली नाही, नाहीतर चिपच रिकामी आहे.

एवढं डोकं का खातोय? कारण या बोर्डाचं मॅन्युअल तीच चिप आहे. रिसेटनंतर ८०८५ शून्य पत्त्यावरून सुरू होतो, तिथून वाचत जा. ३१ (आकडे हेक्समध्ये) हा बाइट भेटला की पुढचे दोन स्टॅकचा, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठ्याचा, पत्ता सांगतात (खालचा बाइट आधी), म्हणजे रॅम कुठे ते कळलं. डी३ म्हणजे आउट, डीबी म्हणजे इन, पुढचा बाइट पोर्ट. ८२५५ (इन-आउट पोर्टची चिप) आणि ८२७९ (कळा-डिस्प्ले सांभाळणारी) कुठे बसलेत ते यातून निघतं. मधल्या डेटातही डी३ सापडेल, त्याला फसू नका. मी मात्र न वाचताच वीज दिली: कनेक्टरच्या पिना अंदाजाने धरल्या आणि बारा व्होल्ट पाचच्या ओळीवर गेले, चिपा जळाल्या. प्रोसेसर नवा मिळाला. ईप्रॉममधला मॉनिटर प्रोग्राम (बोर्ड चालवणारा मूळ प्रोग्राम) कुठून आणणार? ईप्रॉम वाचलेली असती तर दुसऱ्या चिपवर उतरवली असती. वाचली नव्हती.

पॉवर कनेक्टरवर विश्वास नको. ८०८५ची पिन ४० पाच व्होल्ट, पिन २० ग्राउंड. तिथून मल्टिमीटरचा बझर लावत कनेक्टरपर्यंत या. दोन्हींत शॉर्ट निघाला तर आधी टँटलम कपॅसिटर तपासा. १४८८ (सिरियल पोर्टची चिप) दिसली तर अधिक-उणे बाराही लागतील. २७०८ ही जुनी ईप्रॉम असेल तर अधिक बारा आणि उणे पाच.

मग ७४एलएस१३८, पत्त्यावरून चिप निवडणारा डीकोडर. तिच्या पिना १, २, ३ कुठल्या अ‍ॅड्रेस ओळींना जातात आणि आउटपुट कुठल्या चिपच्या सिलेक्टला, एवढं कागदावर उतरवा. ए१३, ए१४, ए१५ असतील तर आठ-आठ केबीचे तुकडे. ८०८५ इन-आउटच्या वेळी पोर्टचा पत्ता वरच्या आठ ओळींवरही टाकतो, त्यामुळे पोर्टचा डीकोडर तिकडे जोडलेला दिसला तर चक्रावू नका. माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

उरलेलं पटकन. करंट लिमिट एक अँपिअर. पिन ३७ वर क्रिस्टलच्या निम्मी फ्रिक्वेन्सी, ६.१४४ला ३.०७२ मेगाहर्ट्झ. एएलई (पत्ता पकडायचा सिग्नल) हलतंय का बघा, चिपा हाताला भाजतात का बघा. सॉकेटात ईप्रॉमची प्रत लावा, मूळ चिप डबीत. फाइल दुसऱ्या डिस्कवरही टाकलीत ना? मग द्या वीज.